एकशे ऐंशी चौरस फूट



जूनच्या शेवटी सातवीच्या वर्गात क्षेत्रफळ शिकवत होते. उदाहरण म्हणून सहज बोलून गेले, "आमच्या मुलीनं मुंबईत स्टुडिओ अपार्टमेंट भाड्यानं घेतलंय." मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "मॅडम, फोटो काढायचा स्टुडिओ?" वर्ग हसला, मीही हसले. महिन्याभरापूर्वी माझ्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, अगदी हाच प्रश्न विचारला होता. मी त्यांना समजावलं होतं, "तसं नाही तात्या. एकच खोली, तिच्यातच ओटा, तिच्यातच झोपायचं, आणि संडास-बाथरूम आत." तात्या म्हणाले, "म्हंजे खोलीच की. नाव तेवढं बदाललं."

तात्या गवंडी. चौथीपर्यंत शाळा, पुढे पन्नास वर्षं हातात थापी. वाईकडचे दगडी वाडे, घरं, विहिरींचे कठडे अशी कामं त्यांनी केली. त्यांची नात आज वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात या गोष्टीचं कौतुक आहेच, पण आज लिहायला बसले ते वेगळ्या कारणासाठी.

पहिलं वर्ष लेकीनं डोंबिवलीला नात्यातल्या घरी राहून काढलं. त्यांनी काही कमी केलं नाही. पण लोकलच्या गर्दीत ड्रॉइंगच्या शीट्सची नळकांडी आणि पुठ्ठ्याची मॉडेलं सांभाळत रोजचे तीन-साडेतीन तास प्रवासात जायचे. एकदा रात्रभर जागून केलेलं मॉडेल दादरला दारातच चेपलं. त्या दिवशी तिनं फोनवर काही सांगितलं नाही, नुसती रडली. तेव्हाच ठरवलं की दुसऱ्या वर्षी कॉलेजजवळ बघायचं.

जाहिरात मोबाइलवर मिळाली. "गिरगावात ऐतिहासिक इमारतीत नूतनीकरण केलेलं स्टुडिओ अपार्टमेंट, २६० चौरस फूट." फोटोत पांढऱ्या भिंती, छताला लपवलेले दिवे, काळा ग्रॅनाइटचा ओटा, खिडकीत जुनं लोखंडी नक्षीकाम. लेक तर फोटो पाहूनच राहायला गेली होती म्हणा ना!

मे महिन्यात दोघी बघायला गेलो. गिरगाव मी प्रथमच असं पायी फिरून पाहिलं. खोताच्या वाडीतली लाकडी व्हरांड्यांची बैठी-दुमजली घरं, मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती १८९३ साली जिथे बसला ती केशवजी नाईकांची चाळ. पुस्तकात शिकवलेल्या गोष्टी समोर उभ्या होत्या. आमची इमारत त्याच परिसरातली, तीन मजली, पुढे सलग गॅलरी आणि मधे लाकडी जिना, पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. दारावरच्या दगडात साल कोरलेलं होतं, पण १९च्या पुढचे दोन आकडे रंगाच्या थरांखाली गेले होते. एजंट "हेरिटेज, हेरिटेज" करत होता. लेकीनं त्याला विचारलं, "यादीत आहे का? श्रेणी कुठली?" मुंबईत वारसा वास्तूंची नियमावली १९९५ पासून आहे आणि यादीतल्या इमारतींना श्रेणी १, २, ३ अशा असतात, हे तिला पहिल्याच वर्षी शिकवलेलं. एजंट म्हणाला, "यादीत नाही मॅडम, पण जुनी तर आहे ना!"

मी पर्समधून टेप काढला. (शिक्षकाच्या पर्समध्ये काय निघेल सांगता येत नाही.) पंधरा फूट बाय बारा फूट, म्हणजे १८० चौरस फूट. मग २६० कुठून आले? तर गॅलरीचा वाटा, जिन्याचा वाटा आणि भिंतींची जाडी धरून. भाडं महिना २४ हजार, अनामत एक लाख, वर एजंटचं एक महिन्याचं भाडं. जाहिरातीच्या हिशेबानं चौरस फुटाला ९२ रुपये पडतात, टेपच्या हिशेबानं १३३. हे गणित मी नंतर सातवीला घातलं. पोरांनी आठवडाभर आपापली घरं मोजून आणली, कुणी तर गोठासुद्धा मोजला. आमच्या वर्गातल्या बहुतेकांचा गोठा त्या स्टुडिओपेक्षा मोठा निघाला.

खोली पाहताना एक गोष्ट मला जरा विचित्र वाटली होती. बाथरूमला एक पायरी चढून जावं लागत होतं. जमिनीपेक्षा नऊ इंच उंच. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "पाइप खालून घेतलाय, उतार लागतो ना." पटलं. विषय तिथेच संपला.

पालकांसाठी इथे थोडं थांबते, कारण कागदपत्रांच्या बाबतीत आम्ही सावध राहिलो आणि त्याचा पुढे उपयोग झाला. आम्हाला खोली देणारे गृहस्थ मालक नव्हते. ते स्वतः पागडीचे भाडेकरू, त्यांच्या आजोबांपासूनचे. मुंबईत १९४७च्या कायद्यानं जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४०च्या दराला बांधली गेली. भाडं गोठलं तशी मालकांची दुरुस्तीची इच्छाही गोठली. इमारती खचायला लागल्या, तेव्हा १९६९ साली दुरुस्ती मंडळ आलं आणि जुन्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसला. १ सप्टेंबर १९४०च्या आधीची इमारत म्हणजे 'अ' वर्ग. आमची त्यातलीच. अशा ठिकाणी भाडेकरूनं मालकाच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्याला खोली दिली, तर मालक त्या भाडेकरूवर खोली खाली करण्याचा दावा लावू शकतो, आणि त्यात आपलं मूल मधल्या मधे उघड्यावर येतं. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा: भाडेपावती कोणाच्या नावावर, आणि मालकाचं संमतिपत्र कुठे? आम्ही ते मागितलं. गृहस्थांनी आठ दिवस लावले, पण आणलं. ११ महिन्यांचा करार रीतसर नोंदवला. पुष्कळांना वाटतं ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही. महाराष्ट्रात लागते, आणि ती करून देणं ही खोली देणाऱ्याची जबाबदारी. मुद्रांक शुल्क सातशेच्या आत बसलं आणि नोंदणीचे हजार. एक लाखाच्या अनामतीपुढे हे काहीच नाही.

वर्गातली एक मैत्रीण सोबत आली, भाडं निम्मं निम्मं झालं. सामान लावून दिलं आणि मी गावी परतले.

जूनचा महिना छान गेला. पहाटे पाणी येतं तेव्हा गॅलरीत बादल्यांचा आवाज, शेजारच्यांचं "अगं, तुमची भरली का?" लेकीला सगळ्याचं अप्रूप. खालच्या मजल्यावर, बरोबर त्यांच्या खोलीखाली, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई एकट्या राहतात. वय ऐंशीच्या घरात. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर त्यांनी लेकीकडून माझा नंबर घेतला आणि मग अधूनमधून फोन. "काय हो बाई, पट किती यंदा?" अशी सुरुवात. गावात मला सगळे मॅडम म्हणतात. 'बाई' ऐकून बरं वाटायचं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला, पण पटाचा विषय निघाला नाही. "बाई, रागावू नका हं. तुमच्या मुलींच्या न्हाणीघराखाली माझ्या छताला ओल आलीय. तशी ती दोन वर्षं आहेच, हे बांधकाम झाल्यापासून. मी पातेलं ठेवते. पण आता लाकडाचा भुगा पडतोय, माझ्या पलंगावर."

मी म्हटलं, बघते. लेकीला फोन केला. ती गप्प झाली. मग म्हणाली, "आई, मला माहितीये. मी खाली जाऊन पाहिलंय. पण आत्ता बोललो तर बाथरूम तोडतील, नाहीतर आम्हालाच काढतील. सबमिशन तोंडावर आलंय. सप्टेंबरपर्यंत थांबूया ना."

आणि मी हो म्हटलं.

हे लिहायला जड जातंय, पण ते लिहायचं म्हणूनच हा लेख लिहायला घेतला. 'आपला परिसर', 'शेजारधर्म' हे धडे मी बावीस वर्षं शिकवते. त्या आठवड्यातसुद्धा काहीतरी तसलंच शिकवत होते. आणि इकडे माझ्या डोक्यात फक्त एक लाख रुपये, डोंबिवलीची लोकल आणि चेपलेलं मॉडेल. बाईंना मी सांगितलं, "मालकांशी बोलणं चालू आहे." बोलणं कुणाशीच चालू नव्हतं. असे बारा दिवस गेले. त्या बारा दिवसांत मुंबईत पावसानं दोनदा झोडपलं. रात्री बातम्यांत कुठलीतरी जुनी इमारत दिसली की मी चॅनेल बदलायची.

तात्यांना मी काही सांगितलं नव्हतं. पण ते नातीला भेटायला म्हणून ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मुंबईला निघाले, मीही सोबत गेले. खोलीत पाय ठेवल्यावर त्यांनी ना ओटा पाहिला ना लपवलेले दिवे. भिंतीला तळवा लावला आणि तसाच धरून ठेवला. मग खिशातली किल्ली काढून भिंत ठोकत ठोकत बाथरूमपर्यंत गेले. टक टक, टक टक, आणि मग एकदम दब दब.

"चुन्याच्या भितीवर सिमिट कुणी मारलं?"

लेक हळूच म्हणाली, "आजोबा, त्यांनी नूतनीकरण केलंय."

"चुना दम घेतो, पोरी. भितीत शिरलेली वल त्यातनं भायेर पडती. ह्ये सिमिट म्हंजे तिच्या तोंडावर हात दाबल्यागत. वल जाईल कुठं? आत, लाकडात." मग त्या नऊ इंचांच्या पायरीकडे बघून विचारलं, "ह्यात काय भरलंय?"

विटांचे तुकडे आणि सिमेंट भरलं होतं. जुन्या इमारतीत वरची जमीन म्हणजे सागाच्या तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर पाट. आपण ज्याला कडीपाट म्हणतो तेच. तुळयांची टोकं भिंतीत घुसवलेली असतात. माणसं, पलंग, ट्रंका आणि एका कोपऱ्यात मोरी एवढाच भार धरून ते बांधलेलं. संडास गॅलरीच्या टोकाला सामाईक असायचे, त्याला हेही एक कारण असावं असं आता वाटतं. इथे चार बाय चार फुटांचं बाथरूम, त्याखाली नऊ इंच भराव, म्हणजे १२ घनफूट. घनफुटाला ५० किलो जरी धरलं तरी ६०० किलो. वर माळ्यावर २०० लिटरची टाकी, तिचे आणखी २०० किलो. हे गणित लेकीनं तिथेच माझ्यासमोर वहीत मांडलं. मांडताना तिचा चेहरा उतरत गेला.

मग आम्ही खाली गेलो. बाईंनी चहा ठेवला. तात्या स्टुलावर चढले. बाईंच्या छताला कडीपाट उघडाच होता, फक्त वर्षानुवर्षांचा ऑइलपेंट. भिंतीत जाणाऱ्या तुळईच्या टोकाशी तात्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला. जोर लावावाच लागला नाही, चार बोटं आत गेला.

तात्या खाली उतरले. बाईंच्या पलंगाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "कवापास्नं ठावं हाय तुला?"

बाई म्हणाल्या, "अहो, त्यांचं मालकांशी बोलणं चालू आहे."

मी म्हटलं, "नाही तात्या. नाही हो बाई. मी कुणाशीच बोलले नाही."

कुणी काही बोललं नाही. बाईंनी चहा गाळला आणि कप तात्यांच्या हातात दिला, मग माझ्या. एवढंच म्हणाल्या, "मुलीचं वर्ष होतं ना." त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

तात्या आणि नातीनं मिळून पलंग समोरच्या भिंतीला लावला. त्याच दुपारी लेकीनं तीन पत्रं लिहिली, मालकाला, खोली देणाऱ्या गृहस्थांना आणि मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाच्या कार्यालयाला. पत्रासोबत तिनं काढलेलं तुळईचं मापासहित चित्र जोडलं. मला अर्जाच्या भाषेत दोन ठिकाणी दुरुस्ती करावी लागली, चित्रात मात्र काही बोलायला जागा नव्हती. सोमवारी पत्रं नेऊन दिली, पोच घेतली. अभियंते येऊन बघून गेले आणि बाईंच्या खोलीत लोखंडी टेकू लागले.

ते गृहस्थ फोनवर खूप चिडले. त्यांचंही ऐकून घ्यायला हवं. ते आता विरारला राहतात, नूतनीकरणाला त्यांनी कर्ज काढलं होतं, आणि या भाड्यातून त्यांच्या मुलाची फी जाते. त्यांना कंत्राटदारानं सांगितलं होतं, "काही होत नाही, सगळे असंच करतात." हे खरंही आहे, सगळे असंच करतात. फक्त बाथरूम बांधताना त्यांनी ना मालकाला विचारलं होतं, ना महापालिकेला. संमतिपत्र फक्त खोली देण्याचं होतं. शेवटी मालक आणि ते समोरासमोर बसले, करार नोंदवलेला असल्यामुळे आम्हालाही त्या बैठकीत बसता आलं. बाथरूम काढायचं, पुन्हा कोपऱ्यात साधी मोरी करायची, भाडं १५ हजार. ते दोन्ही खर्च त्यांचे, पण ते अनामतीतून वीस हजार कापून घेणार. भांडता आलं असतं. आम्ही भांडलो नाही.

मैत्रिणीच्या घरच्यांनी तिला परत नेलं. सामाईक संडास त्यांना मान्य नव्हता, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. माझी लेक राहिली. पंधरा हजार एकटीला जड आहेत. ती शनिवार-रविवारी एका कार्यालयात ड्राफ्टिंगचं काम करते आणि पहाटे इतरांसारखी बादली घेऊन रांगेत उभी राहते. सबमिशन चार दिवस उशिरा गेलं, गुण कापले गेले. तात्या तुळईचं काम होईपर्यंत अकरा दिवस मुंबईत थांबले, बाईंच्याच खोलीत. कुजलेलं टोक कापून तिथे नवा साग जोडला, लोखंडी पट्ट्यांनी आवळला. बाथरूमखालचा भराव फोडून खाली नेला तेव्हा लेकीनं गोण्या मोजल्या. ४३ भरल्या. एक गोणी वाण्याच्या काट्यावर ठेवून पाहिली, पंधरा किलो. तिनं मला मेसेज केला: "आई, ६४५. आपला अंदाज ६००चा होता."

तो मेसेज मी वर्गात वाचून दाखवला. पोरांना आधी फक्त खोली सांगितली होती, आता सगळंच सांगितलं, ते बारा दिवससुद्धा. सांगू की नको असा दोन रात्री विचार केला होता. सांगितल्यावर वर्ग शांत होता. मग एकानं विचारलं, "मॅडम, त्या आजींच्या अंगावर पडलं असतं तर?" मी म्हटलं, "हो, पडलं असतं." त्याला याहून मोठं उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजूनही नाही.

बाईंचा फोन अजून येतो. पट विचारतात. एकदा मी विषय काढायचा प्रयत्न केला तर म्हणाल्या, "तुमच्या वडलांना सांगा, टेकू काढले. आणि त्यांची चष्म्याची डबी इथेच राहिलीय."

मागच्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या शाळेची एक वर्गखोली जुनी, कौलारू. मधल्या सुट्टीत आतून टक टक आवाज येत होता. जाऊन पाहिलं तर सातवीतल्या तिघी-चौघी हातात किल्ल्या घेऊन भिंत ठोकत चालल्या होत्या. एकीनं भिंतीला कान लावला होता. मला बघून म्हणाली, "मॅडम, हिथं आवाज बदालतोय."

मी कान लावला. खरंच बदलत होता. त्यांनी पट्टीनं मोजून खडूनं त्याभोवती रेघ मारली, दोन फूट बाय दीड फूट. भिंतीलगतचे बाक आम्ही त्याच सुट्टीत दुसऱ्या बाजूला ओढले, आणि शाळा सुटायच्या आत मी अर्ज लिहून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला.